पडद्यामागची नोकरी



आपल्या होळकर स्टेडियमवर ८ डिसेंबर २०११ रोजी वीरेंद्र सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ धावा काढल्या. त्या मैदानाच्या समालोचन कक्षाला आपल्या इंदूरच्याच सुशील दोशींचे नाव आहे. खेळाडू आणि समालोचक सर्वांना ठाऊक असतात. पण तोच फटका दुसऱ्या कोनातून, संथ गतीने दाखवणारा माणूस मैदानाबाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमध्ये बसलेला असतो. त्याला रिप्ले ऑपरेटर म्हणतात. एका क्रीडावाहिनीत मी अकरा वर्षे हे काम केले. ऑगस्ट २०२० मध्ये ती नोकरी गेली. शाळेचा माजी विद्यार्थी म्हणून त्याविषयी लिहावे, असे बाईंनी सुचवले.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे सामने थांबले. सामना नाही म्हणजे प्रक्षेपण नाही, आणि प्रक्षेपण नाही म्हणजे जाहिराती नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ईएसपीएनने सुमारे ३०० माणसे कमी केली आणि रिकामी असलेली २०० पदे भरायची नाहीत, असे ठरवले. पण सगळा दोष करोनाचा नव्हे. हा धंदाच प्रक्षेपणाच्या हक्कांवर चालतो. वाहिनी काही वर्षांपुरते हक्क विकत घेते. ते दुसरीकडे गेले की कामही तिकडे जाते. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. भारतातले टीव्हीचे हक्क स्टारकडे आणि डिजिटलचे व्हायाकॉम१८ कडे गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन्हींचे विलीनीकरण झाले. दोन घरे एक झाली की दोन स्वयंपाकघरे राहत नाहीत. शिवाय आता कॅमेरे मैदानावर आणि बाकीचे काम दूरच्या शहरातल्या स्टुडिओत, अशीही सोय झाली आहे. त्यामुळे नोकरी गेली म्हणजे माणसाचे काम वाईट होते, असे समजू नये. हे मला डोक्याने लगेच पटले, मनाला पटायला मात्र सहा महिने लागले.

बातमी कळली त्याच संध्याकाळी मी घरी सांगून टाकले. पत्नीने वही काढली आणि आम्ही खर्च मांडला. सर्वांत मोठा आकडा मुंबईच्या घरभाड्याचा होता. ते घर सोडून आम्ही इंदूरला वडिलांकडे आलो. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपला होता, म्हणून आधी स्वतःचा विमा काढला. नियमानुसार मला ग्रॅच्युइटी मिळाली. रोजंदारीवर येणाऱ्या माझ्या सोबत्यांना तीही नव्हती. पालकहो, नोकरी चालू असतानाच स्वतंत्र विमा आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा.

गल्लीत लोक विचारत, "काय भिया, अजून सुट्टीच?" सुरुवातीला मी हसून वेळ मारून नेई. एक दिवस वडील म्हणाले, "चोरी केली आहेस का? मग सांग की सरळ." मी सांगू लागलो. आठवड्याभरात शेजारच्या काकूंनी निरोप पाठवला. त्यांच्या भाचीच्या लग्नाला मोजकीच माणसे येऊ शकणार होती आणि भाऊ अमेरिकेत अडकला होता; त्याला लग्न घरबसल्या दिसेल का? तीन कॅमेरे भाड्याने आणून मी ते दाखवले. हातात सहा हजार रुपये पडले. पुढे नृत्यवर्गाचा कार्यक्रम आला, मग व्याख्यानमाला आली. आज हे काम नियमित करतो आणि बोलावणे आले की सामन्यांनाही जातो. मिळकत पूर्वीपेक्षा कमी आहे, एखादा महिना कोरडाही जातो. पण घर चालते.

मुलीला आपल्या शाळेत घातले तेव्हा प्रवेश-अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना होता. ती म्हणाली, "बाबा, इथे काय लिहू? तुमची नोकरी तर नाहीये." मी म्हणालो, "व्हिडिओ प्रक्षेपण लिही." कंपनीने ओळखपत्र परत घेतले होते. अकरा वर्षे शिकलेले काम माझ्याजवळच होते. मित्रहो, या क्षेत्रात अवश्य या, पण वाहिनीच्या नावापेक्षा हातातले काम पक्के करा.

आपल्या शहराला हे दुःख नवे नाही. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये सुटले. मधल्या ३२ वर्षांत त्यांची मुले शाळा शिकून मोठी झाली. कुणाची फी कशी भरली गेली असेल, याचा विचार मनात येतो.

म्हणून पालकांना सांगतो, अडचण असेल तर कार्यालयात येऊन बोला. मी बोललो. माझ्या मुलीची फी त्या वर्षी चार हप्त्यांत घेतली गेली आणि वर्गात कोणालाही ते कळले नाही. विश्वस्त मंडळींना एकच विनंती आहे: आज ही सवलत मुख्याध्यापकांच्या चांगुलपणावर चालते. तिचा लेखी नियम करावा आणि तो प्रवेश-अर्जाच्या मागे छापावा, म्हणजे विचारायचे धाडस ज्यांना होत नाही, त्यांनाही तो वाचता येईल.

– एक माजी विद्यार्थी व पालक