प्रायव्हेट नंबर

घोडनदीत मला माझी ओळख पटवून द्यायची वेळ कधी आली नव्हती. (सरकारी कागदांवर आमच्या गावाचं नाव शिरूर आहे, पण जुनी मंडळी अजून घोडनदीच म्हणतात.) उलट, ओळख लपवायची सोय नाही हीच आमची तक्रार होती. लहानपणी बाजारात नुसतं जिलबीकडे पाहिलं तरी ती बातमी माझ्याआधी घरी पोचायची. पुढं बँकेत गेलो की खिडकीतले गृहस्थ चष्म्यावरून बघायचे आणि ‘गेल्या खेपेला सहीतली वेलांटी चुकली होती’ असं सुनवायचे. माझी सही माझ्यापेक्षा त्यांना जास्त चांगली यायची.

आता मात्र स्वतःच्याच पैशांना भेटायचं तर ‘मी मीच आहे’ हे एका यंत्राला पटवावं लागतं. आणि यंत्राच्या अटी म्हणजे वरपक्षाची यादी! पासवर्डात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि वर तो पूर्वी वापरलेला नको. मी सौभाग्यवतींचं नाव घातलं, तर ‘हा पासवर्ड कमकुवत आहे’ असं उत्तर आलं. ज्यानं कुणी हे यंत्र बनवलं त्यानं आमच्या सौभाग्यवतींना पाहिलेलं नाही, एवढंच म्हणतो. पुढं एक ‘गुप्त प्रश्न’ आला – तुमचा जन्म कोणत्या गावी झाला? न्हावऱ्यापासून रांजणगावापर्यंत ज्याचं उत्तर कुणीही सांगेल, तो आमचा गुप्त प्रश्न! शेवटी जमलेला पासवर्ड मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवला.

आमचे चिरंजीव पुण्यात हिंजवडीला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहेत. कॅलेंडर पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. पण मीही थोडं वाचन केलं, आणि मनाला फार बरं वाटलं. कॉम्प्युटरवर पासवर्ड आणला तो अमेरिकेतल्या एमआयटीच्या फर्नांडो कोर्बाटो यांनी, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचं, तेव्हा ज्याचं त्याला वेगळं राहावं म्हणून. आणि १९६२ साली तिथल्याच ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्यानं, यंत्रावरचा आपल्या वाट्याचा वेळ पुरेना म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डांची यादी त्याच यंत्राकडून छापून घेतली! म्हणजे कुलूप लागलं न लागलं तोच किल्ल्यांचा जुडगा पळाला. ते मोठं अक्षर, आकडा, चिन्ह हे सोवळं वाढवलं बिल बर यांच्या २००३ सालच्या सरकारी मार्गदर्शिकेनं. निवृत्त झाल्यावर २०१७ साली या गृहस्थांनी त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच साली अमेरिकेच्या मानक संस्थेनंही आपला सल्ला फिरवला – पासवर्ड लांबलचक असू द्या, पण उगाच दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलायला लावू नका. चौदा वर्षं अख्ख्या जगाला छळून मग ‘चुकलंच जरा’ म्हणणारा माणूस मला आपला वाटला.

‘‘मग कशाला हे सगळं?’’ मी चिरंजीवांना विचारलं.

‘‘बाबा, हल्ली चोर कुलूप फोडत नाहीत. ओळख पटवणाऱ्यालाच फसवतात.’’ आणि त्यांनी पुण्याच्या कॉसमॉस बँकेची गोष्ट सांगितली. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी तिथं एक खोटी मंजुरी-यंत्रणा घुसवली. नकली कार्ड घेऊन कुणी एटीएमपुढं उभं राहिलं की खऱ्या बँकेला न विचारताच ही यंत्रणा ‘ओळखतो, देऊन टाका’ म्हणायची. दोन-तीन दिवसांत अठ्ठावीस देशांतून आणि थेट परदेशी खात्यात मिळून चौऱ्याण्णव कोटी गेले. ‘‘तिथं यंत्र फसलं. तुमच्या बाबतीत फसणार तुम्ही! कुणी गोड बोललं की सांगाल ओटीपी.’’

मग माझी शिकवणी सुरू झाली. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ अशी कुठली अटक कायद्यात नाही (हे २७ ऑक्टोबर २०२४ ला ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही सांगितलं). पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन करायचा. आणि मुख्य म्हणजे, फोनवर जो घाई करतो तो चोर. मी इतका तयार झालो की ‘मुंबई पोलिसांतून बोलतोय’ म्हणणाऱ्या एका साहेबांना उलट त्यांच्याच आईचं नाव विचारलं. फोन बंद! महिनाभर मी ही कथा पारावर सांगत होतो.

आणि मग एका संध्याकाळी घरचा जुना फोन वाजला. पलीकडून घोगरा आवाज – ‘‘अरे, मी बोलतोय, मास्तर! प्रवासात पाकीट आणि मोबाइल दोन्ही मारलं रे. इथल्या चहावाल्याच्या नंबरवर हजार रुपये पाठव, लगेच.’’

मास्तर म्हणजे दौंडचा माझा मित्र. आम्ही पुण्यात एका खोलीत, एका स्टोव्हवर चार वर्षं काढली. पुढं तो रेल्वेत स्टेशन मास्तर झाला आणि दौंडलाच घर केलं. पण आवाज त्याचा वाटेना. वर घाई आणि नंबर परक्याचा. तिन्ही खुणा पटल्या. ‘‘मास्तरांचं नाव घेऊन लुबाडता? लाज नाही वाटत?’’ असं खणखणीत सुनावून मी फोन आपटला आणि सौभाग्यवतींकडं विजयी मुद्रेनं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी चौफुला, न्हावरे करत एस.टी.नं मास्तर दारात हजर. आवाज अजून घोगराच होता. रात्रभर तो उपाशीपोटी फलाटावरच्या बाकावर बसला होता. त्याला मधुमेह, आणि गोळ्या गेलेल्या पाकिटात. पहाटे ड्यूटीवर आलेल्या एका जुन्या सहकाऱ्यानं त्याला ओळखलं, खाऊ घातलं आणि गाडीत बसवून दिलं.

‘‘सगळ्यांचे नंबर मोबाइलमध्ये,’’ मास्तर चहा ओतता ओतता म्हणाला. ‘‘पाठ असलेला एकच होता. तुझा, चाळीस वर्षांपूर्वीचा.’’

मला चहा गिळवेना. चोरापासून मी हजार रुपये वाचवले होते, फक्त चोर तिथं नव्हता.

पण मास्तरच हसला. ‘‘तू केलंस ते बरोबरच रे. आम्ही तरी फोनवर विश्वास कुठं ठेवायचो? फाटक बंद झालंय असं गेटमननं नुसतं म्हणून चालत नसे. त्याच्याकडं प्रायव्हेट नंबरांचा कागद असायचा, दोन आकडी, उलटसुलट क्रमानं. ‘फाटक बंद, प्रायव्हेट नंबर अमुक’ असं त्यानं सांगितलं की मी वहीत लिहायचा आणि मग गाडी सोडायची. वापरलेला नंबर तिथल्या तिथं खोडायचा. तुमचा तो ओटीपी म्हणतात ना, तोच! पण एक फरक होता. ‘तू खोटा’ म्हणून आम्ही फोन आपटत नव्हतो. ‘नंबर सांग’ म्हणायचो.’’

मी चिरंजीवांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘‘बाबा, अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२४ मध्ये हेच सुचवलंय. आता यंत्र हुबेहूब आवाज काढतं, म्हणून घरच्यांनी आपसात एक गुप्त शब्द ठरवून ठेवावा.’’ एफबीआयच्या आधी दौंड जंक्शनला हे कळलं होतं, याचा मला अभिमान वाटला.

मग आम्ही दोघांनी आमचा नंबर ठरवला. फोन आला की विचारायचं, ‘‘खोलीचा पडदा कुणी जाळला?’’ उत्तर – ‘‘मांजरानं.’’ पडदा आम्हीच, स्टोव्ह भडकवून जाळला होता. पण घरमालकांना आम्ही दोघांनी छातीठोकपणे मांजराचं नाव सांगितलं होतं. ते आजवर तिसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

हा लेख मी मास्तरला फोनवरून वाचून दाखवला. शेवटापर्यंत तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘शहाण्या, नंबर छापून मोकळा झालास! आता खोड तो. येत्या रविवारी येतो, दुसरा ठरवू.’’