जुहूचें पृथ्वी नाट्यगृह

मुंबईस नाटक पाहावयाचें म्हणजे दादर, गिरगांव किंवा पार्लें, ही आमच्या घरोघरची जुनी वहिवाट. पार्ल्यास उतरून पावलें तशींच पश्चिमेकडे जुहूच्या बाजूस वळविलीं, तर जानकी कुटीर या वसाहतींत एक आटोपशीर नाट्यगृह लागतें. नांव ‘पृथ्वी’, पण आंत बसणारे जेमतेम दोनशें! नोव्हेंबरांत येथें महोत्सव भरतो आणि नाटक, नृत्य, गायन, काव्यवाचन यांतील नवनवे प्रयोग होतात. त्या दिवसांत आम्ही घरचीं लहानथोर मंडळी तेथें गेलों होतों.

या वास्तूची कुळकथा मोठी हृद्य आहे. पृथ्वीराज कपूर यांनीं १९४४ सालीं ‘पृथ्वी थिएटर्स’ ही नाटकमंडळी काढली. सुमारें दीडशें माणसांचा हा संसार सोळा वर्षें गांवोगांव हिंडला, परंतु त्याला स्वतःचें छप्पर कधींच लाभलें नाहीं. प्रयोग संपतांच पृथ्वीराज स्वतः झोळी पसरून दाराशीं उभे राहत. १९६० सालीं मंडळी बंद पडली, आणि १९७२ सालीं ते वारले तेव्हांही जुहूच्या जागेवर नाट्यगृह झालेलें नव्हतें. तें उभें केलें चिरंजीव शशी कपूर व सूनबाई जेनिफर यांनीं. जेनिफरबाईही फिरत्या मंडळींतच वाढलेल्या. त्यांचे वडील जेफ्री केंडल शेक्सपिअरचीं नाटकें घेऊन देशभर हिंडत. जन्मभर पाठीवर बिऱ्हाड वाहणाऱ्या दोन नटांच्या मुलांनीं पुढच्या नटांसाठीं घर बांधावें, हें ऋण फेडणेंच नव्हे काय? ५ नोव्हेंबर १९७८ रोजीं त्याचें दार उघडलें, तें गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मराठी नाटकाच्या हिंदी प्रयोगानें.

वास्तुकार वेद सेगन यांनीं येथें रंगभूमीला चौकट ठेविली नाहीं. ती पुढें सरकलेली, व तिच्या तीन बाजूंस चढत्या पायऱ्यांवर प्रेक्षक. मोठ्या नाट्यगृहांत शेवटच्या रांगेसाठीं नटाला आवाज चढवावा लागतो. येथें कुजबूज पुरते. प्रयोग चालू असतांना आमच्या काकू हळूच म्हणाल्या, “अगबाई, त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो कीं!” दिसतो खरा, पण नटालाही आपण तितकेच दिसतों, आपल्या जांभया आणि हातांतल्या मोबाइलचा उजेडसुद्धां. तिसरी घंटा झाल्यावर दार बंद होतें व मागाहून आलेल्यास, तो कितीही बडा असो, प्रवेश नाहीं. ही शिस्त आमच्या एका वडील गृहस्थांस फार जाचक वाटली. आम्हांस ती आवडली.

लहानपणाचा खरा लाभ मात्र निराळा आहे. नवा प्रयोग पहिल्याच दिवशीं हजार खुर्च्या भरूं शकत नाहीं. रिकाम्या खुर्च्यांचें भाडें चुकत नाहीं, आणि मग संस्था एक तर कर्ज काढते, नाहीं तर हमखास हशा-टाळ्यांच्या नाटकाकडे वळते. दोनशें माणसें जमविणें तितकें दुर्घट नाहीं. पण तीं जमलीं पाहिजेत, आणि तीं आपल्यासारख्या घरांतूनच यावयाचीं! सर्वच प्रयोग उतरतात असें नव्हे. आम्हीं पाहिलेला एक नृत्यप्रयोग आम्हांस पुरता दुर्बोध वाटला, आणि घरीं पोंचेपर्यंत त्यावर सासू-सुनांचा कडाक्याचा वाद रंगला. (सूनबाई नृत्याच्या बाजूच्या होत्या, हें सांगावयास नकोच.) एखाद्या प्रयोगावर इतकें बोलणें आमच्या घरांत कित्येक वर्षांत झालें नव्हतें.

उन्हाळ्याच्या सुटींत मुलांसाठीं येथें नाट्यशिबिरें भरतात. महोत्सवांत बाहेरच्या अंगणांत कांहीं कार्यक्रम विनामूल्यही होतात. जाणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं खुर्च्यांस क्रमांक नसतात; लवकर जाऊन रांगेंत उभें राहावें लागतें. शेजारीं उपाहारगृह आहे. तेथें सुलेमानी चहाचे पेले पुढें ठेवून तरुण नटमंडळी आपापले संवाद घोकीत बसलेलीं असतात.