चढाची धाप

सिंहगडाच्या पायवाटेवर शेवटच्या चढाला गप्पा आपोआप थांबतात, छातीचा भाता होतो. वाटतं, हवा कमी पडतेय. पण निरोगी माणसाच्या रक्तात तेव्हाही प्राणवायू जवळजवळ पुरेपूर असतो. राबणारे स्नायू भराभर कार्बन डायऑक्साइड तयार करतात, चढ खडा असेल तर रक्तात आम्लही वाढतं. ते आटोक्यात ठेवायला मेंदू श्वास वाढवतो. बसल्या जागी मिनिटाला ६-७ लिटर हवा पुरते, जोराच्या श्रमात १०० लिटरही लागते.

हे कळल्यापासून धापेची भीती गेली, शरीराचं कौतुक वाटू लागलं. नियमित चालणाऱ्याचे स्नायू तयार होतात, त्याच चढाला दम उशिरा लागतो. मात्र बसल्या बसल्या धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर अंगावर काढू नये. लगेच डॉक्टर गाठावा.