पिवळी वायर

परवाच्या रविवारी घरातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला तरुण करायला घेतलं. २००५ साली असेंबल करून घेतलेला डबा, ८० जीबीची हार्डडिस्क. नेटवर लोक असल्या डब्यांना खिडक्या पाडून आत निळे दिवे लावतात ते बघून माझ्याही हाताला खाज सुटली. बाजूच्या पत्र्यात चौकोन कापला, अ‍ॅक्रिलिक बसवलं, १२० मिलिमीटरचा पंखा लावला. इथपर्यंत झकास!

पंख्याला वीज द्यायची म्हणून हार्डडिस्कचा चार वायरींचा मोलेक्स कनेक्टर काढायला गेलो. हे किती घट्ट असतात ते ज्यांनी काढलेत त्यांनाच ठाऊक. प्लॅस्टिकला धरून काढायचा असतो, हे मला माहीत होतं. तरी वायरी धरून ओढला. घाई, दुसरं काय!

परत सगळं जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले. हार्डडिस्क ढिम्म. बायॉसला ती दिसेचना. कनेक्टर काढून मल्टीमीटर लावला तर पिवळ्या वायरीवर ११.९ व्होल्ट, लालवर ५. म्हणजे वीज येतेय. म्हणजे डिस्कच गेली.

मी मटकन खाली बसलो. आईचे फोटो त्याच डिस्कवर होते. आई २०११ मध्ये गेली. कॉपी काढू काढू म्हणत इतकी वर्षं काढली नव्हती. आणि मी तिथे दिवे लावत बसलो होतो.

बाबा जन्मभर एमएसईबीत वायरमन. कॉम्प्युटरला ते हात लावत नाहीत, पण माझा चेहरा बघून जवळ आले.

"काय झालं?"

सांगितलं. फोटोंचं बोललो नाही. त्यांना ते न सांगताही कळलं असणार.

"तू मीटरची काडी आत खुपसलीस, ती पोचली. डिस्कचा खिळा पोचतोय का? लावताना मागून बघ."

टॉर्च धरून कनेक्टर पुन्हा लावला. डिस्कच्या खिळ्याने पिवळी वायर चांगली चार-पाच मिलिमीटर मागे ढकलली! मी ओढल्यामुळे आतली पितळी नळी प्लॅस्टिकमधून सुटली होती. पिवळी १२ व्होल्टची, डिस्कची मोटार तिच्यावरच फिरते. लाल ५ व्होल्टची वायर सर्किटला वीज देत होती, पण मोटार उपाशी.

"बरं झालं पूर्ण सुटली," बाबा म्हणाले. "अर्धवट टेकली असती तर तापली असती."

खरंय. फिरायला लागताना असली डिस्क २ अँपिअरच्या आसपास ओढते. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम धरला तरी त्या एवढ्याशा जागेत २ वॉट उष्णता. प्लॅस्टिक वितळलेले कनेक्टर मी पाहिलेत.

स्विच बंद करून प्लग काढला. वायर हलकेच ओढली तर नळी हातातच आली. तिच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे बारीक कान असतात, तेच तिला प्लॅस्टिकमध्ये अडकवून ठेवतात. ते चपटे झाले होते. बाबांनी चष्मा वर सरकवून नळी उजेडात धरली, पण हात थरथरायला लागल्यावर माझ्याकडे दिली. मी ब्लेडच्या टोकाने कान किंचित बाहेर काढले, नळीचं पसरलेलं तोंड नोज प्लायरने जरासं दाबलं. "फार नको, खिळा जाणार नाही," इति बाबा. मग नळी मागून आत सारली. कट्ट! वायर ओढून पाहिली, हलेना. यावेळी कनेक्टर प्लॅस्टिकला धरूनच लावला.

बटण दाबलं. आधी काहीच नाही, मग ती ओळखीची चढत जाणारी घूंऽऽ. बाबा काही बोलले नाहीत. फोटो उघडायला लागलो तर म्हणाले, "बघायचे नंतर. आधी कॉपी काढ."

तीन ठिकाणी काढली. निळे दिवे काढून ड्रॉवरमध्ये टाकलेत, बघू कधी जमतं ते.