सहा व्होल्टची बुलेट

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी 'बस आला' छापाचं आहे, असं रूममेट्स म्हणतात. असू दे. आबांच्या बुलेटबद्दल इंग्रजीत लिहायला घेतलं, पण ती गाडी आमची वाटेचना!

गाडी १९७४ची, साडेतीनशे सीसी, सहा व्होल्टची. दोन वर्षांपूर्वी बाबांनी फ्रेमला झकास नवा रंग मारून घेतला आणि तेव्हापासून तिला जणू दृष्टच लागली. हेडलाइट लावला की हॉर्नचा घसा बसतो, इंजिन मिसिंग मारतं. मेकॅनिकनी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, बॅटरी नवी घातली. शेवटी बाबा कंटाळले. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर गिऱ्हाईक ठरलेलं, रविवारी येणार. आबा गप्प. हल्ली ते माझं नावही कधीकधी विसरतात.

माझ्या हातात दोन दिवस आणि एक स्वस्तातला मल्टीमीटर.

जुन्या बुलेटची गंमत म्हणजे हेडलाइटच्या डोक्यावरचा अँपिअर मीटर. चावी लावून किक हळूहळू दाबायची. पॉइंट बंद झाले की काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की शून्यावर येतो. काटा हललाच नाही तर कॉइलपर्यंत करंटच पोचत नाही. झुकलेलाच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. आमचा काटा हलत होता, पण अगदी मरगळल्यासारखा. पॉइंटची गॅप फीलर गेजने पाहिली, ०.३८ मिमी. ठीक.

मग विचार केला, एक लावलं की दुसरं मरतं, म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वाटेवर हवा. वायरिंग तर मीटरवर सगळीकडे सहा व्होल्ट दाखवत होतं. इथेच भलेभले फसतात! मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे एका तारेवर लोंबकळणारी वायरसुद्धा त्याला धडधाकट वाटते. लोड टाकूनच बघायला हवं. हेडलाइट चालू ठेवला, एक प्रोब बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलवर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. तिथे जवळपास शून्य हवं. आले १.४ व्होल्ट! सहातले जवळजवळ दीड वाटेतच गिळलेले. पस्तीस वॉटच्या बल्बला सहा व्होल्टवर जवळजवळ सहा अँपिअर लागतात, बारावर त्याच्या निम्मे. म्हणून नव्या गाड्यांत असा दोष खपून जातो, इथे नाही.

बॅटरीची अर्थ वायर फ्रेमला जिथे बोल्टने आवळली होती, तिथे खाली तो झकास रंग! पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासलं, वर ग्रीस लावलं. खर्च पाच रुपये.

शनिवारी संध्याकाळी तिसऱ्या किकला गाडी धडधडली. हेडलाइट लावला, हॉर्न वाजवला. बाबा बाहेर आले आणि नुसते उभे राहिले. आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला, "टॅपेट वाजतंय गं. ढिलं झालंय."

रविवारी गिऱ्हाईक आलं. बाबांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. टॅपेटचं मे महिन्यात बघणार आहे. आबा म्हणतात, इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडायचं, घाई करायची नाही.