तीनशे किलोमीटरची टेस्ट ड्राइव्ह

सेकंडहॅण्ड गाडीची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे पुण्यात काय असतं? बाणेर रोडला एक चक्कर, एक यू-टर्न, एसी लावून बघायचा, म्युझिक सिस्टीम वाजवून बघायची आणि ‘पिकअप सही आहे ना?’ या प्रश्नावर मान डोलवायची. पंधरा मिनिटांत चार-पाच लाखांचा निर्णय! एवढा वेळ तर आपण जीन्स घेताना ट्रायल रूममध्ये घालवतो.

त्यामुळे ऑनसाइटला निघालेला माझ्या जुन्या ऑफिसातला एक सीनियर जेव्हा म्हणाला, ‘शनिवार-रविवार गाडी ने, हवी तेवढी चालव, मग काय ते सांग,’ तेव्हा लोणावळा-महाबळेश्वर डोक्यातही आलं नाही. मी ठरवलं, बारामती-इंदापूर. जाताना दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती. मग भवानीनगर, निमगाव केतकी करत इंदापूर आणि तिथनं सोलापूर हायवेने परत. साधारण तीनशे किलोमीटर. यात घाट आहे, सुसाट हायवे आहे, उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला रस्ता आहे आणि अंधारातून अचानक उगवणारे स्पीडब्रेकर तर जागोजागी आहेत. शिवाय बारामतीत माझा मामेभाऊ आहे आणि त्याचं गॅरेज आहे. कार्सच्या वेबसाइटवरचे ‘दीडशे पॉइंट इन्स्पेक्शन’ वगैरे आपल्या जागी ठीक, पण मामेभाऊ तो मामेभाऊ.

गाडी होती २०१६ ची डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही. एमएच-१२ पासिंग, एकच मालक, ब्याऐंशी हजार किलोमीटर. कंपनीचं नाव सांगत नाही, सौदा ओळखीतला आहे. माझ्या बाजूने म्हणाल तर एक मोडायला काढलेली एफडी. फ्रीलान्सरला कार लोन देताना बँकवाले सॅलरी स्लिप मागतात आणि ती माझ्याकडे नाही. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो, तो वेगळाच. म्हणजे ही गाडी फसली तर माझी शिल्लक संपली. बाबांचं म्हणणं साधं होतं : ‘नवी छोटी हॅचबॅक घे आणि मोकळी हो.’ पण अ‍ॅसाइनमेंटसाठी खेडोपाडी फिरायचं तर ग्राउंड क्लिअरन्स लागतोच ना!

थंड बॉनेटचा फंडा

जुनी डिझेल गाडी बघायची तर सकाळी. आणि विकणाऱ्याने ती आधी सुरू करून ठेवलेली नसावी. बॉनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर समजा, काहीतरी लपवायचंय. जानेवारीतल्या सकाळी सहाला मी चावी फिरवली, ग्लो-प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबले आणि स्टार्टर मारला. पहिल्याच फटक्यात सुरू. मग धुराकडे बघायचं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. सतत पांढरा येत राहिला तर कूलंट आत जातंय किंवा डिझेल नीट जळत नाहीये. रेस केल्यावर थोडासा काळा धूर आला तर एअर फिल्टर किंवा इंजेक्टर बघायचे. आमच्या गाडीला किंचित काळा होता. पहिली नोंद.

दुसरी दिवे घाटात झाली. छोट्या टर्बो डिझेलना दोन हजार आरपीएमच्या खाली फारसा दम नसतो. घाटात चुकीच्या गिअरमध्ये पकडलं की मागचा एसटीवाला हॉर्न वाजवून जाहीर करतो. तो स्वभाव आहे, बिघाड नाही. पण चौथ्या गिअरमध्ये जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की काटा चढतो आणि गाडी मात्र तेवढी चढत नाही, तो क्लच. आमचा थोडा असं करत होता. शहरातल्या गाडीची ही दुखणी ठरलेली आहेत. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ब्याऐंशी हजार किलोमीटर म्हणजे क्लचच्या हिशेबात दीड लाखच. इंजिन तेवढं थकत नाही, क्लच थकतो. ईजीआर व्हॉल्व्हही काजळीने भरतो, कारण गाडीला कधी मोकळा रस्ता मिळतच नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये तर डीपीएफ हा काजळीचा फिल्टर आला. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी सलग, बऱ्या वेगाने गाडी चालायला हवी. ज्याचं ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर आहे, त्याने डिझेलच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जेजुरीचा गड डावी-उजवीकडून बघत मोरगावला मयूरेश्वराला हात जोडले. अष्टविनायकातला हा पहिला. नऊच्या सुमाराला बारामती.

एमएच-४२

बारामती म्हटलं की पुणेकराला फक्त राजकारण आठवतं. खरं तर हे गाव मोरोपंतांचं. कऱ्हेच्या काठी, अठराव्या शतकात. आज शिरल्या शिरल्या जाणवतात ते रुंद रस्ते आणि चकाचक चौक. एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे, अपे रिक्षा तिथेच बनते आणि २०१२ पासून व्हेस्पाही. म्हणजे गाड्यांचं गाव म्हणायला हरकत नाही. पण मला मजा वाटली ती नंबर प्लेटची. एमएच-४२ हा बारामतीचा नंबर, पण मामेभावाच्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांत एमएच-१२ आणि एमएच-१४ च जास्त. आपण पुण्यात ईएमआय संपला की कंटाळून विकतो, त्या गाड्यांचा दुसरा जन्म इथे होतो.

मामेभावाने चहा व्हायच्या आत गाडी लिफ्टवर घेतली. ‘ताई, गाडी पळती का नाही, ते कुणी पण सांगंल. थांबती कशी आणि वळती कशी, ते बघायचं असतंय.’ खालून टॉर्च मारून त्याने दाखवलं : दोन्ही लिंक रॉड ढिले, लोअर आर्मचे बुश चिरलेले, इंटरकूलरच्या होसला ऑइलचा ओलावा. शेवटचं त्याला फारसं गंभीर वाटलं नाही. टर्बोची शिट्टी नाही, इंजिन आयडलवर असताना ऑइल कॅप उघडली तर धुराचा लोट नाही, म्हणजे पिस्टन रिंग ठीक. टायरच्या बाजूवरचे चार आकडे त्याने मला वाचायला लावले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर २०१७ चे! नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर लाकडासारखं कडक. नक्षी बघून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग त्याने ड्रायव्हरचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. मला कळेना. ‘पाण्यात गेलेली गाडी बाहेरनं धुता येती, बेल्टच्या शेवटाला चिखलाचा डाग ऱ्हातोच.’ २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय. त्या कुठेतरी गेल्याच असणार ना? आमचा बेल्ट स्वच्छ निघाला. मॅटच्या खालचं कार्पेटही कोरडं. ब्याऐंशी हजाराचा आकडा त्याने सर्व्हिस बुकाशी आणि ब्रेक पेडलच्या रबराशी ताडून पाहिला. पटला.

एक मात्र गंमत. मी गाडीबद्दल काहीही विचारलं की गॅरेजमधले बाकीचे लोक उत्तर मामेभावाला द्यायचे. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं, ‘गाडी ताईची आहे, तिला सांगा.’ मग मात्र सगळे एकदम मलाच शिकवायला लागले. मुक्काम मामीकडे झाला.

उसाचा रस्ता

रविवारी सकाळी बारामतीहून भवानीनगरकडे निघालो. कारखान्याचा हंगाम जोरात. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मधेच बैलगाड्या आणि रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या मोळ्या. हा रस्ता तुकाराम महाराजांच्या पालखीचा. आषाढीच्या आधी सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी इथनंच वारी जाते. आता पालखी मार्ग म्हणून चौपदरी करायचं काम हाती घेतलंय, नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. सस्पेन्शनची खरी परीक्षा मात्र गावात शिरणाऱ्या जुन्या तुकड्यांवरच. लिंक रॉड प्रत्येक स्पीडब्रेकरला ‘खट्-खट्’ करून हजेरी लावत होते.

या भागातल्या गाड्यांचं एक खास दुखणं म्हणजे उंदीर. उसाच्या फडाशेजारी गाडी उभी राहिली की वायरिंग कुरतडलं जातं. म्हणून बॉनेट उघडलं की कोपऱ्यात तंबाखूच्या पुड्या सापडतात. आमच्याही बॉनेटमध्ये मामेभावाने दोन ठेवल्या. शास्त्र मला विचारू नका.

आणि हाच ऊस आता आपल्या पेट्रोलच्या टाकीत येतो. उसाचा रस आणि मळीपासून कारखाने इथेनॉल बनवतात आणि २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या त्यासाठी तयार करूनच येतात. त्याआधीची पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेत असाल तर मॅन्युअलमध्ये किती टक्क्यांपर्यंत चालतं ते आधी वाचा. मायलेज थोडं घटतं आणि जुन्या रबरी होसेस, गॅसकेट्स तपासत राहावी लागतात. शेतकऱ्याला पैसा मिळतोय ही चांगलीच गोष्ट, पण जुन्या गाडीच्या मालकाला पंपावर दुसरा पर्याय नाही, हेही खरंच.

जंक्शन नावाच्या गावातून (हो, गावाचंच नाव जंक्शन!) मी मुद्दाम वालचंदनगरला वळले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इथे माळरानावर शेती, साखर कारखाना आणि पुढे अवजड यंत्रांचा उद्योग उभा केला. याच माणसाने १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, म्हणजे आपली प्रीमिअर पद्मिनी. मुंबईतली पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ मध्ये संपली तेव्हा सगळे हळहळले. पण याच प्रीमिअरने २००९ च्या अखेरीस ‘रिओ’ आणली, हे कुणाच्या लक्षात आहे? चार मीटरच्या आतली छोटी एसयूव्ही! २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरपेक्षा लहान गाड्यांना एक्साइजची सूट मिळाली होती. त्या मापात एसयूव्ही बसवायचं प्रीमिअरला सुचलं तेव्हा फोर्डची इकोस्पोर्ट यायला अजून चार वर्षं होती, ब्रेझाला सात आणि नेक्सॉनला आठ. कल्पना बरोबर होती, पण गाडी चालली नाही. पुढे कंपनीच बुडाली. आज कुणी स्वस्तात रिओ देऊ केली तर पार्ट्स कुठून आणणार? जुनी गाडी घेताना इंजिनाइतकाच हा प्रश्न मोठा आहे. शेवरोलेने २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. इकोस्पोर्ट चालवायला मजेदार गाडी, सर्व्हिसही मिळते. पण आपल्या गावात कुठलं वर्कशॉप उरलंय, हे आधी बघायलाच हवं. मामेभावाची कसोटी सोपी आहे. जिचा लिंक रॉड निमगाव केतकीत मिळतो, ती गाडी घ्यायची.

निमगाव केतकी पानमळ्यांसाठी प्रसिद्ध. तिथे खरंच विचारलं. लिंक रॉड लगेच मिळाला नाही, ‘संध्याकाळपर्यंत मागवून देतो’ मिळालं. चालेल.

इंदापूर जुनं गाव. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इथल्याच लढाईत पडले. गावाबाहेर हायवेला लागल्यावर गाडीने प्रथमच मोकळा श्वास घेतला. सलग तासभर शंभरच्या आसपास, स्टीअरिंग थरथरलं नाही, तापमानाचा काटा हलला नाही. ब्रेक सरळ रेषेत लागले. दुपारच्या उन्हात एसी मात्र मागच्या सीटपर्यंत पोचेना. गॅस कमी किंवा कूलिंग कॉइल लीक. आणखी एक नोंद.

उजव्या हाताला उजनीचं पाणी दिसायला लागतं. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. हिवाळ्यात भिगवणजवळ कुंभारगावला फ्लेमिंगो येतात. होडीवाले सकाळी घेऊन जातात. दुपार असल्यामुळे मला लांबवर फक्त एक गुलाबी रेघ दिसली. भिगवणला चिलापीची थाळी खाल्ली. झणझणीत, अप्रतिम. त्याच टेबलावर हिशेब केला : क्लच सेट, लिंक रॉड, बुश, चार टायर, एसी. पुण्यात शिरताना टाकी पुन्हा फुल केली आणि फुल टू फुल मायलेज काढलं. अठराच्या थोडं वर. घाट आणि ट्रॉल्या धरून वाईट नाही.

रात्री सीनियरला यादी पाठवली. क्लच आणि टायरवर तो तयार झाला, एसीवर हुज्जत घातली, शेवटी निम्म्यावर मिटलं. पण आरसी बघितली तर त्यावर बँकेचा बोजा तसाच! कर्ज फिटून दोन वर्षं झाली, फॉर्म ३५ आणि एनओसी देऊन नाव उडवायचं राहूनच गेलेलं. शिवाय दोन ई-चलान बाकी आणि एचएसआरपी प्लेट बसवलेली नाही. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती महाराष्ट्रात सक्तीची आहे. हे सगळं होईपर्यंत एक रुपया टोकन देणार नाही, असं मी सांगून टाकलं. तो जरा चिडला. मग तीन आठवड्यांनी आरसीवरचा बोजा उतरल्याचा स्क्रीनशॉट आला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, इन्शुरन्स नावावर करायला चौदा दिवसांची मुदत असते, तो अर्ज मी त्याच संध्याकाळी भरला.

एफडी मोडली. क्लच बारामतीला टाकायचा ठरलाय, पुढच्या शनिवारी. मामीने सांगितलंय, येताना चितळ्यांची बाकरवडी आण.