सुभेदारांचा बिनतारी संच

मेहकर तालुक्यातील डोणगावात बर्फाच्छादित डोंगर पाहिलेली माणसे थोडीच. तेथील भूमी काळी. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पारा 40 अंशांच्या वर चढतो, आणि मुलांना बर्फ ठाऊक असतो तो काडीला लावलेल्या रंगीत गोळ्याचा. अशा या गावातील एका घराच्या पडवीत दोन लांब, अरुंद, पुढच्या टोकाशी वर वळलेल्या लाकडी फळ्या टांगलेल्या आहेत. हे वखराचे कोणते नवे अंग, असे नवखा पाहुणा हमखास विचारतो.

त्या फळ्या सुभेदारांच्या होत. लष्करातील सव्वीस वर्षांपैकी कित्येक हिवाळे त्यांनी काश्मीरच्या डोंगरांत काढले. पायांना अशा फळ्या बांधून, हाती दोन काठ्या घेऊन, बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या विद्येला स्कीइंग म्हणतात. गुलमर्गला लोक हौसेने हा खेळ खेळावयास जातात. परंतु कंबरभर बर्फात ज्याला चौकी गाठावयाची आहे, त्या जवानाच्या दृष्टीने तो खेळ नसून चालण्याचाच एक प्रकार असतो. निवृत्त होऊन सुभेदार गावी परतले, आणि गव्हा-हरभऱ्याच्या शेतीत रमले.

एका रब्बीच्या हंगामात त्यांनी दोन वॉकी-टॉकी, म्हणजे बोलता आणि ऐकता येईल असे हातातले बिनतारी संच, विकत आणावयाचे ठरविले. कारण साधेच होते. पंपाला वीज मिळे ती रात्री. सुभेदार बॅटरी घेऊन एकटेच विहिरीवर जात. शेत गावापासून दीड किलोमीटरवर, मध्ये एक टेकाड आणि एक नाला. टेकाडापलीकडे मोबाइल मुका होई. इकडे घरी त्यांची वृद्ध आई पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा न लावता बसून राही.

संच घेण्यासाठी ते अकोल्याला गेले, तेव्हा शेजारची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ हट्टाने सोबत गेले. दुकानदाराने खोक्यावर छापलेला किलोमीटरचा मोठा आकडा अभिमानाने दाखविला. सुभेदार हसले. “हे अंतर एका डोंगराच्या माथ्यावरून दुसऱ्या डोंगराच्या माथ्याशी बोलण्याचे. मध्ये काही आडवे आले, की त्यातले किती उरते ते सांगा,” असे ते म्हणाले. दुकानदाराला ते सांगता आले नाही. मग त्यांनी परवान्याची चौकशी केली. आपल्या देशात बिनतारी यंत्र वापरावयाचे तर सामान्यतः सरकारी परवाना लागतो. 446 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या एका लहानशा पट्ट्यात, अल्प शक्तीने चालणाऱ्या संचांना मात्र त्यातून सूट आहे. सुभेदारांनी तसेच संच मागितले. आणि शेवटी त्यांनी जे केले, ते पाहून दुकानातील सर्वच मंडळी चकित झाली. पिशवीतून त्यांनी लोकरीचा एक जाडजूड हातमोजा काढला, तो उजव्या हातात चढविला, आणि एकेका संचाचे बटण अंगठ्याने दाबून पाहू लागले. ज्याचे बटण मोजा घालून नेमके दाबता येईना, तो संच कितीही देखणा असला तरी त्यांनी बाजूला सारला. जो पसंत पडला, त्याचेही बटण कडेच्या मागे किंचित खोल बसविलेले आहे ना, हे त्यांनी बोट फिरवून पाहिले.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हातमोजा कशाला, हे मुलीला विचारावयाचे होते. पण सुभेदारांची मुद्रा पाहून ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. मुलगी एक संच घेऊन घराच्या धाब्यावर उभी राहिली. दुसरा घेऊन सुभेदार आणि धाकटा भाऊ शेताकडे निघाले. सपाट रस्त्यावर आवाज जवळच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ येत होता. नाल्यात उतरताच तो तुटला. टेकाडाच्या माथ्यावर चढताच पुन्हा अवतरला, आणि पलीकडे उतरू लागताच पुन्हा खरखर सुरू झाली. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगराला वळसा घालून पलीकडे जाणे त्यांना फारसे साधत नाही. बर्फावर घसरत जाणाऱ्यालाही घळीत शिरण्यापूर्वी, उंचवट्यावर उभे राहूनच, पुढचा बेत कळवावा लागतो. विहिरीजवळ मचाण होते. त्यावर चढल्यावर धाब्यावरची मुलगी ऐकू येऊ लागली, आणि रात्री बोलावयाची जागा तीच ठरली.

बोलणे जमावयास मात्र अधिक वेळ लागला. मुलाने बटण दाबण्याबरोबर ओरडून सांगितले, “नका येऊ इकडे, नाल्यात चिखल आहे.” संच जागा होईपर्यंत पहिला शब्द हवेतच विरून गेला. धाब्यावर पोहोचले ते “येऊ इकडे” एवढेच. आणि थोड्याच वेळात मुलगी गुडघाभर चिखल माखून हजर झाली. बटण दाबावे, मनात एक अंक मोजावा आणि मग बोलावे, हे त्या दिवशी दोघेही शिकले. यंत्र तोंडापासून चार बोटे दूर धरावे, वाऱ्याकडे पाठ करावी, नेहमीच्या आवाजात बोलावे. ओरडल्याने आवाज फाटतो, लांब जात नाही. बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणावे, म्हणजे ‘माझे झाले, आता तू बोल’. संभाषणच संपले की ‘आउट’. चित्रपटांतील नायक हे दोन्ही शब्द एका दमात उच्चारतात. पाहुण्याला “बसा” म्हणून त्याच क्षणी दार लावून घेण्यासारखेच ते आहे.

पण सर्वांत अवघड गोष्ट निराळीच होती. टेलिफोनवर दोघांना एकाच वेळी बोलता येते आणि ऐकताही येते. या संचात तसे नाही. बटणावर अंगठा आहे तोवर तो संच बहिरा असतो. दोघांनी एकदम बटण दाबले, की दोघेही बोलतात आणि कोणीच कोणाचे ऐकत नाही. बहीणभावांचे पहिले चार दिवस याच प्रकारात गेले.

शिवाय येथे खासगी असे काही नसते. त्याच लहरीवर संच लावून बसलेला कोणीही सारे ऐकू शकतो. याचे एक नामी उदाहरण एव्हरेस्टचे आहे. 29 मे 1953 रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ बोलण्याचे यंत्र नव्हते. मोहिमेच्या नेत्याला यशाची वार्ता कळली ती दुसऱ्या दिवशी, ते दोघे खाली उतरून आल्यावर. पुढे ती धावकऱ्याच्या हाती नामचे बाजार येथील भारतीय बिनतारी ठाण्यावर पोहोचली, आणि तेथून काठमांडूला गेली. वाटेत ती कोणी पळवू नये म्हणून वार्ताहराने आधीच सांकेतिक भाषा ठरविली होती. ‘बर्फाची स्थिती वाईट’ अशा अर्थाचे निराशेचे शब्द तारेत होते, आणि त्यांचा ठरलेला अर्थ होता, ‘एव्हरेस्ट सर झाले’! ज्या ठाण्याने ती तार पाठविली, त्यालाही आपण केवढी आनंदवार्ता पाठवीत आहोत हे कळले नाही. 2 जूनच्या सकाळी लंडनमध्ये ती बातमी छापून आली.

पाचव्या दिवशी, संध्याकाळी पडवीत बसले असता, मुलीने अखेर हातमोजाविषयी विचारले. सुभेदार बराच वेळ फळ्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी सांगावयास आरंभ केला.

एका हिवाळ्यात सात जवान एक बर्फाळ उतार उतरत होते. प्रत्येकाजवळ संच होता. थंडीत बॅटरीची शक्ती झपाट्याने उतरते, म्हणून संच कोटाच्या आत, छातीशी ठेवण्याची आज्ञा होती. उतार संपताच भूर्जाच्या तीन झाडांखाली जमावयाचे, असे ठरले होते. सहा जण जमले. शेवटचा, कुमाऊंकडचा एक जवान, आला नाही. नायकाने त्याला हाक देण्यासाठी संच काढला, तर त्यातून एकसारखा कोणाच्या तरी धापा टाकण्याचा आणि कापड घासल्याचा आवाज येत होता. त्या आवाजापुढे दुसरे काहीच ऐकू येईना. जवळचा, बळकट संच दूरच्याला झाकून टाकतो.

नायक शहाणा होता. त्याने शिटी फुंकली, आणि सर्वांनी आपापले संच बंद करावेत अशी हाताने खूण केली. एक बंद झाला, दुसरा बंद झाला. धापा चालूच होत्या. पाचवा संच बंद झाला आणि धापा थांबल्या. क्षणभर नुसती खरखर. मग नायकाच्या संचातून एक क्षीण आवाज आला. तो जवान आपला क्रमांक सांगत होता, आणि कोणी ऐकत आहे का, असे विचारीत होता. गेला पाऊण तास तो तेच विचारीत होता.

देवदाराच्या बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाचा खोल खळगा असतो. वरून तो दिसत नाही. त्यात तो छातीपर्यंत रुतला होता, आणि त्याचा पाय मोडला होता. वर चढून त्याला बाहेर काढले तेव्हा तो शुद्धीवर होता. परंतु त्याच्या संचाचे बटण बारीक होते. जाड मोजातून ते दाबले जाईना, म्हणून त्याने उजव्या हाताचा मोजा काढला होता. तो हात पाऊण तास उघडाच होता. त्याची दोन बोटे वाचली नाहीत.

“आणि पाचवा संच?” मुलाने विचारले.

“पाठपिशवीचा पट्टा त्याच्या बटणावर बसला होता,” सुभेदार म्हणाले. “मला कळलेच नाही. त्याने हाक मारली ती सगळी माझ्या धापांखाली गेली.”

त्यानंतर कोणी काही बोलले नाही. तो कुमाऊंचा जवान पुढे शेती करू लागला. त्याचे पत्र दरवर्षी येते. अक्षर डाव्या हाताचे, मोठे आणि वाकडे असते. त्याला सुभेदारांनी उत्तरात काय लिहिले, हे त्यांनी मुलांना कधी सांगितले नाही.

त्याच आठवड्यात वीज मध्यरात्री येऊ लागली. सुभेदार शेतावर गेले. धाब्यावर आजी गोधडी पांघरून बसली होती, आणि तिच्याजवळ मुलगा संच घेऊन होता. टेकाडापलीकडे काळोख होता. संच खरखरत होता. मुलाने दोनदा बटण दाबले, हाक मारली, आणि उत्तर येण्याआधीच तिसऱ्यांदा दाबले.

“काहून बोलून नाही राहिला रे थो?” आजीने घाबरून विचारले.

मुलाने अंगठा उचलला. त्याने मनात दहा अंक मोजले, मग आणखी दहा. कोठे तरी टिटवी ओरडली. मग संचात खट्ट असा आवाज झाला, आणि पंपाची घरघर ऐकू आली, आणि तिच्यावरून सुभेदारांचा सावकाश, नेहमीचा आवाज.

“मोटार चालू झाली. पाणी दुसऱ्या वाफ्यात आहे. आईला झोपायला सांग. ओव्हर.”